बिब्याच्या पोटातील मेवा : गोडंबी

दिवाळी सरून थंडीची चाहूल लागली की बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई येथील बाजारपेठांत किराणा दुकानांपुढे खारीक, सुके खोबरे, डिंक, मेथी व खसखस यांची पोती आणि टोपल्या मांडल्या जातात. याच रांगेत फिकट पिवळसर रंगाच्या, चपट्या व अंगावर तपकिरी पापुद्रा असलेल्या बियांची एक लहानशी टोपली असते. घरात बाळंतीण असली किंवा म्हाताऱ्या माणसांसाठी डिंकाचे लाडू करावयाचे असले म्हणजे गृहिणी त्यातील पावशेर-अर्धा शेर बिया मागून घेते. ही गोडंबी होय. ती बिब्याच्या पोटातून निघते हे पुष्कळांना ऐकून ठाऊक असते. परंतु ज्या बिब्याचा थेंब अंगाला लागला तर फोड उठतात, त्याच्याच आत असा गोड व स्निग्ध मेवा कसा सापडतो, आणि तो बाहेर काढण्यासाठी काय सोसावे लागते, याचा विचार सहसा होत नाही.

हिमाचल प्रदेशातील किन्नौर भागात आणि पलीकडे अफगाणिस्तानच्या डोंगरांत चिलगोजा नावाचे पाइन जातीचे झाड होते. त्याच्या शंकूंतून निघणाऱ्या लांबट बिया लोक थंडीत शेगडीभोवती बसून सोलून खातात. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत अशाच बिया पुलावात, चटणीत व मिठाईत घातल्या जातात. मराठी मुलखात हे झाड नाही. येथे चिलगोजा मिळतो तो सुक्या मेव्याच्या दुकानात, आणि त्याचा भाव सामान्य कुटुंबाला झेपणारा नसतो. मात्र स्वयंपाकात चिलगोजा जे काम करतो, म्हणजे पदार्थाला मऊ, तेलकट व किंचित गोडसर दाणा पुरवितो, तेच काम बीडकडच्या घरांत गोडंबी आणि चारोळी करीत आल्या आहेत. त्यांपैकी चारोळी श्रीखंडावर व बासुंदीवर दिमाखात मिरवते. गोडंबी मात्र बहुधा लाडवाच्या पोटात लपून राहते.

आंब्याच्या कुळातील झाड

बिबा अथवा बिब्बा हा संस्कृतातील भल्लातक आणि हिंदीतील भिलावा. वनस्पतिशास्त्रज्ञ त्यास सेमेकार्पस अॅनाकार्डियम या नावाने ओळखतात. आंबा, काजू, चारोळी व पिस्ता ही सर्व झाडे याच कुळातील आहेत. कच्च्या कैरीचा चीक ओठाला लागला असता पुरळ येते, काजूच्या टरफलातील तेलाने हात सोलवटतात, आणि बिब्याचे तेल तर चटकाच देते. हा एकाच घराण्याचा गुण आहे असे म्हणावयास हरकत नाही.

बिब्याचे झाड मध्यम उंचीचे, मोठ्या व जाडसर पानांचे आणि पानझडी जंगलात वाढणारे असते. पावसाळ्याच्या सुमारास त्यास हिरवट-पिवळा मोहोर येतो व थंडीत फळे पिकतात. फळाची ठेवण काजूसारखीच असते. वर देठाकडे नारिंगी रंगाचे मांसल बोंड आणि त्याच्या टोकाला काळे, तकतकीत, हृदयाच्या आकाराचे बी. बोंड तुरट-गोड असून ते भाजून किंवा वाळवून खाल्ले जाते. काळ्या बियेचे कवच दुहेरी असते. दोन थरांच्या मधे मधमाशांच्या पोळ्यासारखी छिद्रे असून त्यांत दाट, काळपट, दाहक तेल भरलेले असते. या कवचाच्या आत, तेलापासून वेगळी राहिलेली जी गिरी, ती गोडंबी.

या तेलामुळेच बिब्याने लोकव्यवहारात मोठे नाव मिळविले आहे. परीट लोक कपड्यांवर खुणा करण्यासाठी बिब्याचे तेल व चुना वापरीत. ती काळी खूण कितीही धुतली तरी जात नसे. पायात काटा मोडला अथवा टाचेला भेग पडली असता बिबा तापवून त्याचा चटका देण्याची खेड्यांतील रीत जुनी आहे. दृष्ट लागू नये म्हणून दुकानाच्या दारावर जी लिंबू-मिरची टांगतात, तिच्यासोबत अनेकदा काळा बिबाही ओवलेला असतो. चांगल्या चाललेल्या कामात कोणी मोडता घातला म्हणजे त्याने ‘बिब्बा घातला’ असे आपण म्हणतो. मराठी भाषेने बिब्याचा दाह ध्यानात ठेवला, आणि त्यातील गोडंबीसाठी मात्र एखादी म्हणही राखून ठेवली नाही!

बिब्याची कीर्ती देशाबाहेरही फार पूर्वी पोहोचली होती. अरबी वैद्यकात त्यास बलाझुर म्हणत व स्मरणशक्ती वाढविण्यासाठी तो देत असत. इ. स. ८९२ च्या सुमारास निधन पावलेला प्रसिद्ध अरब इतिहासकार अल्-बलाझुरी याचे नावच या फळावरून पडले असून, त्याच्या अतिसेवनाने भ्रम होऊन मृत्यू ओढवल्याची कथा त्याच्या घराण्याशी जोडली जाते. युरोपातील जुन्या औषधविक्रेत्यांना अॅनाकार्डियम या नावाने ठाऊक असलेली वस्तू हीच होती. पुढे ब्राझीलमधील काजू पोर्तुगिजांच्या हस्ते जगभर गेला, तेव्हा ते नाव काजूला चिकटले. काजू परदेशातून येऊन आपला झाला आणि त्याचा येथीलच भाऊबंद असलेला बिबा जंगलात राहिला, असा हा प्रकार आहे.

अन्न म्हणून मोल

भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांच्या कोष्टकांत गोडंबीचा समावेश आहे. १०० ग्रॅम गोडंबीत सुमारे २६ ग्रॅम प्रथिने, ३६ ग्रॅम स्निग्ध पदार्थ व २८ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असून तिच्यापासून ५८० ते ५९० कॅलरी उष्णता मिळते. चिलगोज्यात स्निग्धांश सुमारे ४९ ग्रॅम, परंतु प्रथिने अवघी १४ ग्रॅमच्या आसपास आढळतात. चारोळीत स्निग्धांश ५९ ग्रॅमपर्यंत जातो आणि प्रथिने १९ ग्रॅम भरतात. म्हणजे प्रथिनांच्या दृष्टीने पाहता गोडंबी या दोन्ही मेव्यांहून सरस ठरते. शिवाय तिच्यात चुन्याचे म्हणजे कॅल्शियमचे प्रमाणही चांगले आहे.

तथापि येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. भुईमुगाच्या दाण्यांत प्रथिने सुमारे २५ ग्रॅम व स्निग्धांश ४० ग्रॅम असतो आणि ते गोडंबीच्या मानाने पुष्कळ स्वस्त असतात. त्यामुळे केवळ पोषणासाठी गोडंबी हवीच असे नाही. ज्या घराला ती परवडत नसेल त्या घरच्या बाळंतिणीने शेंगदाणे, तीळ व अळीव यांचे लाडू खाल्ले तर ती कशालाही मुकत नाही. गोडंबीचे खरे आकर्षण तिच्या चवीत आणि मऊपणात आहे.

बीड जिल्ह्यात या लाडवांना एक वेगळाही संदर्भ आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि पुढील चार-सहा महिने उसाच्या फडाजवळील कोप्यांत काढतात. पहाटे भाकऱ्या थापून दिवसभर फडात राबणाऱ्या स्त्रीला वेगळे पौष्टिक अन्न शिजविण्यास सवड कोठून मिळणार? महिनाभर टिकणारा, चूल न पेटविता खाता येणारा आणि मुठीत मावणारा लाडू अशा वेळी फार उपयोगी पडतो. त्यात गोडंबी पडते की दाण्याचा कूट, हे घरच्या मिळकतीवर अवलंबून असते.

निवड आणि साफसफाई

गोडंबी विकत घेताना तिच्याकडे डोळसपणे पाहणे अगत्याचे आहे. चांगली गोडंबी अखंड, फिकट रंगाची व कोरडी असते. जिच्यावर काळे अथवा तेलकट डाग आहेत अशी बी फोडताना कवचातील तेलाने माखलेली असण्याचा संभव असतो. ती घेऊ नये आणि घरी आल्यावर आढळली तर निवडून टाकून द्यावी. कवचाचे बारीक काळे तुकडेही अधूनमधून सापडतात, तेही काळजीपूर्वक वेचावेत. खवट वास येणारी गोडंबी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. तेल अधिक असल्यामुळे ती उन्हाळ्यात लवकर खवट होते, म्हणून लागेल तेवढीच आणून घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड जागी ठेवणे बरे.

वापरण्यापूर्वी गोडंबी कोमट पाण्यात तीन-चार तास भिजत घालावी, ते पाणी फेकून द्यावे, बिया चोळून वरचा पापुद्रा काढावा व दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्याव्यात. लाडवासाठी किंवा भाजून खाण्यासाठी हवी असल्यास धुतल्यावर फडक्यावर पसरून पूर्ण वाळवावी. कच्ची गोडंबी तशीच तोंडात टाकण्याची सवय चांगली नव्हे.

लाडू, रस्सा आणि चटकमटक

डिंकाच्या लाडवांचे प्रमाण घरोघर निराळे असते. त्यांपैकी एक साधारण प्रमाण असे : खारकेची पूड अर्धा किलो, किसलेले सुके खोबरे अर्धा किलो, डिंक पाव किलो, गोडंबी पाव किलो, खसखस १०० ग्रॅम, गूळ पाऊण किलो व तूप लागेल तसे, सुमारे अर्धा किलो. डिंक थोडाथोडा तुपात तळून फुलवून घ्यावा. त्याच तुपात मंद आचेवर गोडंबी बदामी होईपर्यंत परतावी. आच मोठी झाली तर ती बाहेरून करपते आणि आतून कच्ची राहते. खोबरे व खसखस कोरडीच भाजावी. गोडंबी व डिंक जाडसर कुटावे, पीठ करू नये, कारण दाताखाली दाणा आला तरच लाडवाला चव येते. नंतर उरलेल्या तुपात खारकेची पूड परतून, गूळ विरघळताच सर्व जिन्नस त्यात घालावेत, सुंठ, वेलदोडे व जायफळ मिसळावे आणि मिश्रण गरम असतानाच लाडू वळावेत. गुळाचा पाक फार पुढे जाऊ दिला तर लाडू दगडासारखे होतात व घरातील वृद्धांच्या ते उपयोगाचे राहत नाहीत, ही चूक नवशिक्या हातांकडून हमखास होते.

गोडंबीची रस्सा भाजी मराठवाड्यात व विदर्भात पाहुणचाराची समजली जाते. मांसाहार न करणाऱ्या घरी एखाद्या मानाच्या पाहुण्यासाठी ती मुद्दाम केली जाते. चार-पाच माणसांना दोन वाट्या गोडंबी पुरते. भिजवून सोललेली गोडंबी मीठ घातलेल्या पाण्यात मऊ होईपर्यंत, परंतु तिचा आकार न मोडेल इतपत शिजवावी व पाणी काढून टाकावे. कांदा व सुके खोबरे विस्तवावर खरपूस भाजून, त्यात लसूण, आले व थोडी खसखस घालून बारीक वाटण करावे. तेलात जिरे-मोहरीची फोडणी करून वाटण तेल सुटेपर्यंत परतावे. मग काळा मसाला, हळद, तिखट व मीठ घालून गोडंबी सोडावी आणि गरम पाणी घालून मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे रस्सा उकळू द्यावा. गोडंबीचे तेल रश्श्यात उतरत असल्याने फोडणीला तेल बेताचे घेतले तरी वर तर्री येते. ज्वारीच्या वा बाजरीच्या गरम भाकरीबरोबर ही भाजी चांगली लागते. पोळीबरोबर तिची लज्जत निम्मी होते. गोडंबी थोडी असेल तर भिजविलेले शेंगदाणे मिसळून ती पुरविण्याची युक्ती अनेक गृहिणींना अवगत आहे, आणि रश्श्यात दोन्ही दाणे एकमेकांना शोभतात.

याखेरीज शिऱ्यात, गव्हाच्या खिरीत व पंजिरीत काजूऐवजी गोडंबी वापरता येते. संध्याकाळी तोंडात टाकण्यासाठी म्हणून वाळविलेली गोडंबी चमचाभर तुपात कुरकुरीत परतून तिच्यावर मीठ व किंचित तिखट भुरभुरावे. मुरमुऱ्यांच्या चिवड्यात अशी मूठभर गोडंबी घातली तर तो अधिक खमंग होतो. मात्र शेंगदाण्यासारखी ती मुठीमुठीने खाण्याची वस्तू नाही. आठ-दहा बिया पुरेत.

कोणी जपावे

स्वच्छ केलेली व भाजलेली किंवा शिजविलेली गोडंबी बहुतेकांना बाधत नाही. परंतु ज्यांना काजूचे वावडे आहे, आंब्याच्या चिकाने अथवा सालीने ज्यांच्या अंगावर पुरळ उठते, किंवा ज्यांना पूर्वी बिबा उतलेला आहे, त्यांनी गोडंबीपासून दूर राहणेच श्रेयस्कर. प्रथमच खाणाऱ्याने दोन-तीन बियांपासून सुरुवात करावी. ओठ, तोंड वा घसा यांना खाज सुटली, अंगावर गांधी आल्या अथवा श्वासास त्रास होऊ लागला तर विलंब न लावता दवाखाना गाठावा. लहान मुलांना गोडंबी देऊ नये. गरोदर स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून ती खाऊ नये.

गोडंबी वेगळी आणि औषध म्हणून वापरला जाणारा बिबा वेगळा, हेही ध्यानात घेतले पाहिजे. आयुर्वेदात भल्लातकाचे अनेक कल्प सांगितले आहेत. पण त्यापूर्वी विटेचा चुरा व नारळाचे पाणी इत्यादींनी त्याचे शोधन करण्याचा दंडक आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांत विषारी द्रव्यांच्या यादीत भल्लातक समाविष्ट असून, ते असलेली औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. गावातील कोणी सांगितले म्हणून बिबा दुधात उकळून पिण्याचे धाडस जिवावर बेतू शकते.

सीताफळाचा दाखलाही या संदर्भात देण्यासारखा आहे. बालाघाटच्या डोंगरांतील सीताफळांनी बीड जिल्ह्याचे नाव सर्वदूर नेले. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्या गोड फळातील काळ्या बिया खाण्यायोग्य नाहीत. त्यांची पूड डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. सीताफळात गर गोड आणि बी घातक, तर बिब्यात कवच घातक आणि बी गोड.

फोडणाऱ्यांचे हात

जिल्ह्यातील वनक्षेत्र अत्यंत अल्प आहे. विदर्भातील, सातपुड्यातील व लगतच्या पानझडी जंगलांतून बिबे गोळा होतात आणि गोडंबीच्या रूपाने किराणा बाजारात येतात. या दोन टप्प्यांच्या मधले काम सर्वांत अवघड आहे, आणि ते प्रामुख्याने स्त्रियाच करतात.

गोळा केलेले बिबे प्रथम उन्हात चांगले वाळवावे लागतात. पुढे एकेक बिबा दगडावर उभा धरून दुसऱ्या दगडाने किंवा हातोडीने त्यावर नेमका घाव घालतात. घाव हलका बसला तर कवच फुटत नाही, जोराचा बसला तर आतील गोडंबी चिरडते व तेलात माखून वाया जाते. प्रत्येक घावासरशी तेलाचे शिंतोडे उडतात. ते अंगावर पडू नयेत म्हणून हाताला राख, माती किंवा गोडे तेल फासण्याची पद्धत आहे. तरीही बोटे काळी पडतात, कातडी सोलून निघते, तोंडावर व मानेवर फोड येतात. तेलातील दाहक द्रव्ये कॅटेकोल वर्गातील असून त्यांचा परिणाम पुष्कळदा लगेच दिसत नाही. काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी खाज सुटते, सूज येते व पाण्याने भरलेले फोड उठतात. एकदा शरीराला त्याचे वावडे जडले की पुढे थोडासा स्पर्शही पुरतो. तेलाचे हात न धुता मुलाला जवळ घेतले तर त्यालाही बाधा होते.

या कामातील धोका कमी करणे अशक्य नाही. काजूच्या कारखान्यांत कवच कापण्यासाठी हातापायांनी चालविण्याची साधी यंत्रे पूर्वीपासून वापरात आहेत. बिब्यासाठीही याच धर्तीची फोडणी यंत्रे कृषी अभियंत्यांनी तयार केली आहेत. त्यांत बिबा बोटांत धरावा लागत नाही, हा त्यांचा मोठा फायदा. यंत्र एकटीला परवडत नसेल तर बचत गटाने मिळून घेता येईल. ज्या ठिकाणी अद्याप दगड-हातोडीच आहे तेथे निदान बिबा चिमट्यात धरावा, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, डोळ्यांवर चष्मा असावा व जाड हातमोजे वापरावेत. पातळ रबरी मोज्यांतून हे तेल आत झिरपू शकते, म्हणून त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. फोडलेली कवचे चुलीत जाळण्याचा मोह टाळला पाहिजे. ती तेलामुळे भडकून पेटतात खरी, पण त्यांचा धूर डोळे, घसा व फुप्फुसे यांना अपाय करतो.

अंगावर तेल पडल्यास ते चोळू नये. प्रथम कोरड्या फडक्याने किंवा मातीने टिपून घ्यावे आणि लगोलग साबण व भरपूर थंड पाण्याने जागा धुवावी. जितका उशीर तितके तेल कातडीत मुरते. नखांखाली व अंगठीखाली राहिलेले तेल विसरू नये. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत. खोबरे किंवा तीळ वाटून लावण्याचा घरगुती उतारा अनेक ठिकाणी करतात. मात्र तोंडावर, डोळ्यांजवळ वा मोठ्या भागावर फोड आले असतील, अथवा ताप भरला असेल, तर त्यावर विसंबून न राहता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.

वनहक्क कायदा, २००६ अन्वये अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांना गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क मान्य झालेला आहे. परंतु हक्क बिबे गोळा करण्यापाशीच थांबला आणि ते कच्चेच विकले गेले, तर गोळा करणाऱ्याच्या पदरी फारसे पडत नाही. किंमत चढते ती फोडल्यानंतर, निवडल्यानंतर व स्वच्छ पाकिटांत बांधल्यानंतर. फोडणीचे काम करणाऱ्या स्त्रियांनी यंत्रावर काढलेली, डागविरहित गोडंबी स्वतःच्या गटामार्फत थेट किराणा व्यापाऱ्यांना विकली, तर थंडीच्या हंगामात बीड-परळीच्या बाजारपेठांतच तिला गिऱ्हाईक उभे असते.